वेबलीला भोक पाडू नका

नेमबाजी, दुर्बिणी आणि जुनी उपकरणं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा आईच्या ट्रंकेत आजोबांचं छर्ऱ्याचं पिस्तूल सापडलं. त्यावर ‘वेबली सीनिअर’ आणि ‘बर्मिंगहॅम’ असं कोरलेलं आहे. चालू स्थितीत आहे. माझं वय ६७. पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा, आता धुरकट दिसते, म्हणून मी ऑनलाइन ४×२० ची दुर्बीण मागवली. कुर्ल्याचा एक टर्नर पिस्तुलाच्या डाव्या अंगाला चार भोकं पाडून, आटे काढून, काटकोनी पट्टी बसवून द्यायला तयार आहे. स्क्रू कोणत्या मापाचे घ्यावेत आणि दुर्बीण किती पुढे-मागे ठेवावी?
– एक निवृत्त बँक कर्मचारी, विलेपार्ले

उत्तर : टर्नरला आजच फोन करून थांबवा, बाकीचं सावकाश बोलू. स्क्रूचं माप मी सांगणार नाही, कारण ज्या अंगात तो ड्रिल घालणार आहे ते नुसतं अंग नाही, तीच हवेची टाकी आहे.

तुमचं पिस्तूल हातात घेऊन बघा. वर बारीक नळी आहे, तिच्याखाली जाड नळकांडं. नळीचं मागचं टोक सोडवून नळी वर आणि पुढे ओढली की नळकांड्यातला दट्ट्या स्प्रिंग दाबत पुढे सरकतो आणि अडकून बसतो. चाप ओढला की तोच दट्ट्या उलटा, म्हणजे तुमच्या दिशेने, धावत येतो. मागच्या टोकाला हवा चेपली जाते आणि तिथून वर वळून छर्ऱ्याच्या पाठीत शिरते. एवढ्या लहान पिस्तुलात एवढी लांब नळी मावते ती या उलट्या रचनेमुळे. वेबलीने १९२४ साली पहिलं मॉडेल काढलं तेव्हापासून ही युक्ती आहे. तुमचं सीनिअर १९३० पासूनचं. नळकांड्याची भिंत फार जाड नसते. भोक आरपार गेलं तर हवा तिथूनच सुटणार, आणि स्क्रूचं टोक केसभर जरी आत आलं तरी दट्ट्या प्रत्येक वेळी त्यावर घासणार.

असं एक पिस्तूल माझ्या टेबलावर आलेलं आहे. मालकाने कुठूनतरी भोकं पाडून घेतली होती, मग हवा गळते म्हणून ती एम-सीलने बुजवली होती. दट्ट्या बाहेर काढला तर त्याच्यावर स्क्रूंनी ओढलेले लांबलचक ओरखडे, आणि नळकांड्याच्या आतल्या बाजूला एम-सीलचे चुरा झालेले कण तेलात कालवलेले. छर्रा निम्म्या नळीत अडकून राहत होता. मी आयुष्यभर थिओडोलाइट, दुर्बिणी, लेव्हल असली मापाची यंत्रं दुरुस्त केली. काच फुटली तर दुसरी घासून मिळते, आटा गेला तर जाड आटा काढता येतो, पण हवेच्या सिलिंडरच्या गुळगुळीतपणाला इलाज नाही. ते पिस्तूल आता शोभेचं आहे.

आता दुर्बिणीआधीची एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही पण विचारायला हवी होती. वेबली सीनिअर दोन मापांत यायचं : पॉइंट १७७, म्हणजे साडेचार मिलिमीटर, आणि पॉइंट २२, म्हणजे साडेपाच. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरपर्यंतची आणि वीस ज्यूलपर्यंतची हवेची शस्त्रं परवान्याच्या कक्षेबाहेर आहेत. ऊर्जेची काळजी तुम्हाला नाही. तुमचं पिस्तूल वीस ज्यूलच्या पासंगालाही पुरणार नाही. पण नळी जर साडेपाचची निघाली तर ऊर्जा कितीही कमी असो, परवान्याचा प्रश्न उभा राहतो. तेव्हा पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करा, कोरलेला आकडा वाचा, तो पुसट असेल तर नळीचं तोंड व्हर्नियरने मोजा. पॉइंट २२ असेल तर ते पिशवीत घालून लोकलने कुणाला दाखवायला नेऊ नका. मुंबईत परवाना देणारे अधिकारी पोलिस आयुक्त आहेत. त्यांच्याकडे लेखी विचारणा करा, सोबत पिस्तुलाचे फोटो आणि ते कसं सापडलं याची हकीकत द्या. खालचं सगळं मी ते पॉइंट १७७ आहे असं धरून लिहितो आहे.

दुर्बीण. ४×२० म्हणजे चार पट मोठं दाखवणारी, पुढची काच वीस मिलिमीटरची. ही बंदुकीवरची आहे, पिस्तुलावरची नाही, आणि हा फरक पट्टी-स्क्रूने मिटत नाही. बंदूक खांद्याला लागते, डोळा दुर्बिणीपासून तीन-चार इंचांवर असतो. पिस्तूल हात लांब करून धरतात. घरातल्या कुणाला तरी टेप घेऊन उभं करा आणि हात ताणून पिस्तूल धरल्यावर तुमच्या डोळ्यापासून त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर मोजून घ्या. अर्ध्या मीटरच्या आसपास येईल. तिथून ही दुर्बीण म्हणजे दाराच्या किल्लीच्या भोकातून चार पावलं मागे उभं राहून आत बघण्याचा प्रकार : काळ्या वर्तुळात उजेडाचा एक ठिपका, बाकी काही नाही.

माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः पाहा. दुपारी दुर्बीण उजळ खिडकीकडे रोखा (सूर्याकडे नाही) आणि मागच्या काचेमागे एक कोरा कागद धरा. कागदावर उजेडाची गोल चकती पडेल. कागद हळूहळू लांब न्या. एका जागी चकती सगळ्यांत लहान आणि काठाला रेखीव होते. कागद अजून लांब नेला की पुन्हा पसरून फिकी पडते. रेखीव चकतीच्या जागी डोळा ठेवायचा. काच ते कागद हे अंतर म्हणजे आय रिलीफ. चकतीचा व्यास पुढच्या काचेला पटीने भागून येतो, तुमच्याकडे वीस भागिले चार, पाच मिलिमीटर. पिस्तुलासाठी खास बनवलेल्या दुर्बिणींत हीच चकती फूट-दीड फूट मागे पडेल अशी काचांची रचना असते. त्याची किंमत दृश्याच्या रुंदीत मोजावी लागते. डोळा लांब गेला की दिसणारा तुकडा अरुंद होतो. म्हणून या दुर्बिणी बहुतेक कमी पटींच्या. शिवाय एका हाताने धरलेलं पिस्तूल सगळ्यांचंच हलतं. चार पट दुर्बीण ते हलणं चार पट दाखवते, आणि माणूस घाबरून चाप झटक्यात ओढतो.

दुसरा भाग धक्क्याचा. स्प्रिंगच्या हत्यारात दट्ट्या सुटताना एक धक्का एका दिशेने बसतो आणि तो टोकाला आपटताना दुसरा, उलट दिशेने. काडतुसाच्या बंदुकीचा धक्का जबर असला तरी मुख्यतः मागे असतो आणि साध्या दुर्बिणी तेवढाच गृहीत धरून बांधलेल्या असतात. दोन्हीकडून हिसके बसले की आतली नेम धरायच्या क्रॉसची तार किंवा काचांची नळी सैल होते. तुमच्या वेबलीचा दट्ट्या उलटा धावतो, म्हणून धक्क्यांचा क्रमही उलटा.

कुणीतरी तुम्हाला सांगेल, की भोक पाडू नका, नळीलाच शिकंजा आवळा. तत्त्व बरोबर आहे : नेम धरण्याचं साधन नळीबरोबर हललं पाहिजे, कारण छर्रा नळीतून जातो. नळकांड्याला बसवलेली दुर्बीण नळी प्रत्येक वेळी खाचेत तशीच बसली तरच खरी, आणि जुन्या वेबलीत ती खाच झिजलेली असते. पण तुमच्या पिस्तुलात नळी हाच स्प्रिंग दाबायचा दांडा आहे. ती मुठीत धरून वर ओढायची असते, छर्राही तिच्याच मागच्या तोंडात घालायचा. तिथे दुर्बीण आवळलीत तर हात कुठे ठेवणार? लोक मग दुर्बिणीलाच धरून ओढतात.

तेव्हा ती ४×२० परत करा, मुदत असेल तर.

आता तुमच्या पत्रातलं महत्त्वाचं वाक्य : ‘पुढची माशी धुरकट दिसते’. दुखणं पिस्तुलाचं नाही, चष्म्याचं आहे. साठीनंतर डोळ्याचं भिंग जवळ-लांब फिरवता येत नाही. लांबच्या नंबरातून लक्ष्याचा कागद स्वच्छ दिसतो, माशी नाही. बायफोकल असेल तर माशी दिसावी म्हणून तुम्ही नकळत मान मागे टाकत असाल, आणि मग खालच्या भिंगात कागद गायब. नेमबाजीत नजर माशीवर ठेवायची. कागद थोडा अस्पष्ट दिसला तर चालतो, चालावाच लागतो. चष्मेवाल्याकडे जा आणि एकच नंबर असलेला वेगळा चष्मा मागा : नेम धरणाऱ्या डोळ्याला लांबच्या नंबरावर अधिक ०.५० किंवा अधिक ०.७५. अधिक ०.५० ने नजर दोन मीटरवर ठरते, ०.७५ ने सव्वा मीटरच्या जरा पुढे. माशी आणि कागद दोन्ही सोसवण्याइतके स्पष्ट होतात. दोन्ही भिंगं ट्रायल फ्रेममध्ये घालून, हात लांब करून, पेनाच्या टोकाकडे बघून ठरवा. दुकानात पिस्तूल नेऊ नका, हे सांगायला नको. मोतिबिंदूचं ऑपरेशन होऊन लांबचं भिंग बसवलं असेल तरी हिशोब हाच.

नवा चष्मा येईपर्यंत फुकटचा उपाय : काळ्या इन्सुलेशन टेपच्या तुकड्याला तापल्या सुईने दीड मिलिमीटरचं भोक पाडा आणि नेमाच्या पवित्र्यात उभं राहून, जिथून डोळा बघतो नेमकं तिथेच चष्म्याच्या काचेवर चिकटवा. बारीक भोकातून जवळचं आणि लांबचं एकदम सुधारतं. उजेड मात्र भरपूर हवा.

आणि घरात खेळणार असाल तर छर्रे अडवणाऱ्या खोक्यात जुनी वर्तमानपत्रं गच्च दाबून भरा, कुणालाही पॅसेजमध्ये येऊ देऊ नका, डोळ्यांवर चष्मा ठेवा. गॅलरीच्या दिशेने कधीही नाही. पार्ल्यातली कबुतरं कितीही छळत असली तरी ती लक्ष्य नाहीत.

प्रश्न : वडिलांच्या नावावरचं .३२ चं जुनं वेबली रिव्हॉल्व्हर वारसाहक्काने रीतसर माझ्या परवान्यावर आलं आहे. त्यावर छोटी दुर्बीण किंवा रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारं साधन) बसवता येईल का?
– परळ

उत्तर : मधोमध मोडणारं रिव्हॉल्व्हर असेल तर वरची पट्टी नळीचाच भाग असते, म्हणजे जागा तात्त्विकदृष्ट्या बरोबर. तरीही नको. ज्या अंतरासाठी ते बनलं तिथे दुर्बिणीचा उपयोग नाही, आणि मूळ पोलादावर भोकं पडली की त्याचं जुनेपण संपलं. हौस फिटतच नसेल तर एक लक्षात ठेवा : १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमात बंदुकीची दुरुस्ती आणि फेरफारही येतात. ते काम त्याचा परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडेच होतं, ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नाही. लेथवाला कितीही हुशार असो.

प्रश्न : इंटरनेटवर जुन्या माउझर पिस्तुलाचा फोटो फिरतो, वर भलीमोठी दुर्बीण बसवलेली. पहिल्या महायुद्धात खरंच अशी पिस्तुलं होती का?
– एक विद्यार्थी, डोंबिवली

उत्तर : तुम्ही पाठवलेला फोटो सिनेमाच्या सामानाचा आहे. १९७७ साली आलेल्या एका अमेरिकी अवकाशपटासाठी माउझर सी ९६ वर दुर्बीण आणि इतर भाग चढवून एक ‘किरणांचं पिस्तूल’ बनवलं गेलं. तेव्हापासून हौशी लोक तशा प्रतिकृती करत आले आहेत.

खऱ्या सी ९६ वर दुर्बीण का जमत नाही ते त्याच्या रचनेत बघा. १८९६ चं हे पिस्तूल. दहा गोळ्यांची पट्टी वरून आत दाबायची आणि रिकामी काडतुसं वरूनच बाहेर उडायची. नेमकी तिथेच दुर्बीण बसवली तर भरायचं कुठून? सिनेमातल्या पिस्तुलातून गोळी सुटत नाही, म्हणून तिथे ती बाजूच्या पट्टीवर कशीही चालते. मूळ माउझरला मात्र नेमाची मागची खाच सरकवून लांबचं अंतर लावता यायचं, पुष्कळ पिस्तुलांवर थेट १००० मीटरपर्यंतचे आकडे कोरलेले आहेत. लाकडी म्यान मागे जोडून त्याचा खांद्याला लावायचा दस्ता व्हायचा हे खरं, पण हजार मीटर हा कारखान्याचा आशावाद म्हणायचा. लुगर पी ०८ या दुसऱ्या जर्मन पिस्तुलाची अडचण वेगळी : त्याचा गुडघ्यासारखा सांधा प्रत्येक गोळीला वर उचलला जातो.

पिस्तुलावरची दुर्बीण ही मुख्यतः अमेरिकेतल्या शिकारीची देणगी आणि ती रुळली १९६० च्या दशकात. १९६३ सालचं रेमिंग्टन एक्सपी १००, १९६७ चं थॉम्पसन सेंटर कंटेंडर ही एकेक गोळीची लांब नळीची पिस्तुलं दुर्बिणीला सोयीची होती. कंटेंडरची नळी बदलता येते आणि दुर्बीण नळीवरच बसते, त्यामुळे नळी बदलली की तिच्यासोबत तिचा नेमही बदलून येतो. वरच्या पार्ल्याच्या पत्रात जे नळीबद्दल लिहिलं, ते इथे नीट जमवलेलं आहे.

प्रश्न : मुलगी वरळीच्या रेंजवर दहा मीटर एअर पिस्तूल शिकते. तिला रेड डॉट घेऊन दिला तर लवकर प्रगती होईल का?
– दादर

उत्तर : नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत पिस्तुलाला फक्त उघडी माशी-खाच चालते. दुर्बीण, आरसा, लेसर, रेड डॉट सगळ्यांना बंदी. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं आहे आणि मुली ते साध्या माशीने रोज मारतात. खर्च करायचाच असेल तर चांगले बूट घ्या. चष्मा असेल तर नेमबाजीचा, भिंगापुढे बारीक-मोठं होणारं छिद्र असलेला घ्या. तो नियमात बसतो. बाकी तिचे कोच सांगतील ते ऐका, माझं नको.

प्रश्न : चोर बाजारात जुन्या सामानात एक काळी छोटी दुर्बीण मिळाली. ‘बुशनेल फँटम’ आणि ‘१.३’ असं लिहिलं आहे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं आणि त्यातून काहीच मोठं दिसत नाही. डोळ्याजवळ धरली तर काळोख. फसलो का?
– गिरगाव

उत्तर : अजिबात नाही. ही १९६० च्या दशकातली खास पिस्तुलाची दुर्बीण आहे आणि ती जेमतेम सव्वा-दीड पटच मोठं दाखवते. दुसरी अडीच पटीची यायची. हात लांब करून धरा, मग दिसेल. कागद-खिडकीची परीक्षा हिच्यावर करून बघा. पार्ल्याच्या दुर्बिणीत आणि हिच्यात चकती किती लांब पडते तो फरक पाहण्याजोगा आहे. एवढी कमी पट कशाला, असं वाटेल. फायदा वाढीव आकारात नाहीच. क्रॉस आणि लक्ष्य एकाच अंतरावर असल्यासारखे दिसतात, डोळ्याला दोन ठिकाणी नजर लावावी लागत नाही. पुढे १९७५ साली स्वीडनच्या एमपॉइंटने लाल ठिपका आणला तो हेच काम आणखी सोपं करून. त्याला डोळा कुठेही चालतो. ज्यांच्या डोळ्यात सिलिंड्रिकल नंबर आहे त्यांना तो ठिपका स्वल्पविरामासारखा दिसतो, ही त्याची एक खोड.

जाळं म्हणजे बुरशी. मुंबईत काचेवर बुरशी धरत नसेल तर नवल. ती काचेवरच्या लेपावर वाढते आणि तिच्या आम्लाने लेप खात जाते, म्हणून ‘आत आहे, बाहेरून त्रास नाही’ म्हणून सोडू नका. स्वतः उघडूही नका. आतला क्रॉस कोळ्याच्या धाग्याइतका नाजूक असू शकतो, आणि काचांचा क्रम चुकला की दुर्बीण गेली. फोर्टात कॅमेरा-दुर्बिणी दुरुस्त करणारे जुने कारागीर अजून आहेत. त्यांना ‘फक्त बुरशी काढा, लेप घासू नका’ असं स्पष्ट सांगा. लेपावर कायमच्या नक्षीसारख्या रेषा राहिल्या तर राहू द्या, उजेडाकडे बघताना थोडं धुकट दिसेल एवढंच.

नंतर चामड्याच्या पेटीत ठेवू नका. चामडं दमट धरतं आणि लोखंडालाही गंज चढवतं. आजोबांची पिस्तुलं खराब होतात ती बहुतेक त्यांच्याच सुंदर म्यानांत. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलची पुडी. निळं जेल गुलाबी झालं की दमलं. ते तापवून पुन्हा निळं होतं, पण त्यात कोबाल्ट असतं, तेव्हा स्वयंपाकाच्या तव्यावर तापवू नका. नारिंगी जेल मिळतं, ते घ्या. जून ते सप्टेंबर डबा दर आठवड्याला बघावा. दुर्बीण कशावर बसवणार आहात ते तुम्ही लिहिलेलं नाही. बसवणार असाल तर रिंगा घेण्याआधी तिच्या नळीचा व्यास कॅलिपरने मोजा. बाजारातल्या सर्रास रिंगा २५.४ किंवा ३० मिलिमीटरच्या असतात आणि जुनी नळी त्यात ढिली पडली तर मध्ये कागदाच्या घड्या घालू नका, पितळेचा पत्रा घाला. नागदेवी स्ट्रीटवर हव्या त्या जाडीचा मिळतो.